खिडकीपाशी बसलेल्या मुलाचे नाटककार

काणकोणातून पोळेचा नाका ओलांडला की थोड्याच वेळात काळी नदीचा पूल लागतो आणि पूल उतरताच कारवारचा किनारा दिसू लागतो. गोव्यातले आपण लोक कामानिमित्त, देवदर्शनानिमित्त, लग्नकार्यानिमित्त तिथे अनेकदा जातो. त्या किनाऱ्याला रवींद्रनाथ ठाकुरांचे नाव दिलेले आहे, हेही जाता-येता वाचतो. ते नाव तिथे का आहे, याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. एखाद्या थोर पुरुषाचे नाव रस्त्याला किंवा चौकाला द्यावे तसेच हेही असेल, अशी समजूत करून घेऊन आपण पुढे जातो.

वस्तुस्थिती निराळी आहे. 1883 साली बावीस वर्षांचे रवींद्रनाथ कारवारला येऊन राहिले होते. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेत निवडले गेलेले पहिले भारतीय. त्यांची बहुतेक नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि त्या वेळी ते कारवारला जिल्हा न्यायाधीश होते. अर्धचंद्राकृती किनारा, सुरूंचे बन, डोंगरांमधून येऊन समुद्राला मिळणारी काळी नदी, हे सारे रवींद्रनाथांनी पुढे आपल्या आठवणींत मोठ्या प्रेमाने नोंदवले. एका चांदण्या रात्री ही मंडळी छोट्या होडीतून नदीच्या वरच्या अंगाला गेली, शिवकाळाशी नाते सांगणाऱ्या एका जुन्या किल्ल्यापाशी उतरली आणि एका शेतकऱ्याच्या सारवलेल्या अंगणात जाऊन बसली. परतताना ओहोटी लागली होती. तेव्हा मुखापाशी उतरून वाळू तुडवीत सगळे घरी आले. त्या मुक्कामात रवींद्रनाथांनी ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक लिहिले. ते लहान मुलांचे नाटक नव्हे, पण त्यात एक लहान मूल आहे. साऱ्या मायेवर विजय मिळवला असे मानणाऱ्या एका संन्याशाला एक अनाथ, समाजाने अस्पृश्य ठरवलेली मुलगी भेटते. तिच्या लळ्याने आपण पुन्हा संसारात ओढले जाऊ, या भयाने तो तिला टाकून पळतो. पळून गेल्यावर त्याला उमगते की ज्याला आपण बंधन समजत होतो तीच मुक्तीची वाट होती. तो परत येतो, तोवर मुलगी मेलेली असते.

आपल्या पुढच्या साऱ्या लेखनाचे सूत्र या नाटकात आधीच आले होते, असे रवींद्रनाथांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. सीमित आणि असीम यांच्या भेटीचे ते सूत्र असल्याचे ते म्हणतात. नाटकांपुरते बोलायचे तर मला ते अधिक साधेपणाने दिसते. दाराशी एक मूल येते आणि मोठ्यांनी स्वतःभोवती घातलेले कुंपण मोडते. हे मूल त्यांच्या नाटकांतून पुन्हा पुन्हा येत राहिले. पुढे तर त्या मुलासाठीच, त्याच्या वयाच्या प्रेक्षकांसाठी आणि त्याच्याच वयाच्या नटांसाठी त्यांनी नाटके लिहिली. बाकीबाब बोरकरांच्या पिढीने कवी रवींद्रनाथ आपल्याकडे जवळचे केले. शाळकरी मुलांचे नाटककार असलेले रवींद्रनाथ मात्र आपल्याला तितकेसे ठाऊक नाहीत.

त्यांचा जन्म 7 मे 1861 चा, कलकत्त्याच्या जोडासांको भागातल्या प्रचंड वाड्यातला. देवेंद्रनाथ आणि शारदादेवी यांचे ते चौदावे अपत्य. वडील बहुधा हिमालयात, आई आजारी आणि मुले नोकरांच्या ताब्यात, अशी त्या घराची रीत होती. श्याम नावाचा एक नोकर छोट्या रवीला खोलीत बसवी, त्याच्याभोवती खडूने एक वर्तुळ काढी आणि त्याच्या बाहेर पाऊल टाकल्यास काय होईल याचे मोघम पण भयंकर भविष्य सांगून आपल्या कामाला निघून जाई. लक्ष्मणरेषा ओलांडून सीतेचे काय झाले हे मुलाने रामायणात ऐकलेले होते, त्यामुळे तो रेषेबाहेर जात नसे. वर्तुळ खिडकीजवळ होते हे त्यातल्या त्यात भाग्य. खिडकीखाली पायऱ्यांचा तलाव होता आणि त्याच्या काठी पारंब्यांचा मोठा वड. स्नानाला येणारी माणसे, त्यांच्या तऱ्हा, दुपारी पाण्यात सूर मारणारी बदके पाहत त्या मुलाचा सारा दिवस जाई.

शाळा त्याला मानवली नाही. ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बंगाल अकादमी, सेंट झेवियर्स अशी चार शाळांची चक्रे फिरून शेवटी शाळा सुटली ती कायमचीच. पण शाळेने एक खेळ दिला. घराच्या ओसरीला लाकडी गजांचा कठडा होता. ते गज म्हणजे विद्यार्थी आणि हातात छडी घेतलेला रवी म्हणजे मास्तर. काही गज हुशार, काही ढ आणि ढ गजांना इतका मार की ते जिवंत असते तर त्यांना मरण बरे वाटले असते. ही हकिगत त्यांनी प्रौढपणी थट्टेच्या सुरात, पण थोड्या शरमेनेही लिहिली आहे. मास्तरांची विद्या सोडून त्यांचा राग तेवढा मुलाने चटकन उचलला होता. पुढे शाळा काढणाऱ्या आणि मुलांना नाटकात घालणाऱ्या माणसाचे हे पहिले नाटक म्हणायला हरकत नाही.

1878 मध्ये, विलायतेला जाण्याआधी, ते काही काळ सत्येंद्रनाथांकडे अहमदाबादला आणि मग मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडांच्या घरी राहिले. तर्खडांची विलायतेहून परतलेली कन्या अन्नपूर्णा त्यांना इंग्रजी बोलण्याचे धडे देई. रवींद्रनाथांनी तिला नलिनी हे नाव दिले. मराठी घराशी जुळलेला हा स्नेह अनेकांनी रंगवून सांगितलेला असल्याने त्यात शिरत नाही.

विलायतेहून परतल्यावर 1881 मध्ये जोडासांकोच्या वाड्यात ‘वाल्मीकिप्रतिभा’ हे संगीतनाट्य झाले. वाल्मीकी झाले स्वतः रवींद्रनाथ आणि सरस्वती झाली त्यांची पुतणी प्रतिभा. कालीला बळी देण्यासाठी दरोडेखोर एक लहान मुलगी पकडून आणतात, तिच्या रडण्याने त्यांच्या म्होरक्याचे मन पालटते आणि दरोडेखोराचा कवी होतो. क्रौंचवधाची कथा सर्वांना ठाऊक असताना तिच्या आधी या मुलीला आणावेसे वाटणे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मुलांसाठी म्हणून त्यांनी लिहायला घेतले ते 1885 मध्ये, सत्येंद्रनाथांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांच्यामुळे. या बाईंचे आयुष्य आपल्या बाजूला पुष्कळ गेले. मुलगा सुरेंद्रनाथ पुण्याला जन्मलेला, मुलगी इंदिरा विजापूरकडे. कलकत्त्याला परतल्यावर घरातल्या मुलांना लिहिते करावे म्हणून त्यांनी ‘बालक’ नावाचे मासिक काढले आणि धाकट्या दिराला कामाला जुंपले. मासिक स्वतंत्रपणे जेमतेम वर्षभर चालले, पण त्या वर्षात रवींद्रनाथांनी कविता, कथा, एक कादंबरी आणि कोड्यांची नाटुकली लिहिली. या नाटुकल्यांत एखादा शब्द तुकड्यातुकड्यांनी लपवलेला असे आणि प्रेक्षकांनी तो ओळखायचा, असा तो खेळ. एकीत विद्यार्थ्याची परीक्षा आहे. मास्तरांनी ज्याच्या प्रगतीची तोंड भरून स्तुती केली तो पोरगा पालकासमोर एकेक उत्तर असे उलटे देतो की मास्तरांची पुरती शोभा होते. पुढे 1907 मध्ये ही नाटुकली ‘हास्यकौतुक’ या नावाने पुस्तकात आली. त्यांत उपदेश नाही. त्या काळी, आणि खरे तर आजही, मुलांसाठी लिहिताना हे पथ्य पाळणे सोपे नव्हे.

त्याच मासिकासाठी सुचलेली दुसरी गोष्ट अधिक खोल गेली. देवघरहून रात्रीच्या गाडीने परतताना डब्यातला दिवा डोळ्यांवर येत असल्याने त्यांना झोप लागेना. जागेच आहोत तर ‘बालक’साठी गोष्ट जुळवावी म्हणून ते विचार करू लागले. गोष्ट काही जुळली नाही आणि झोप लागली. स्वप्नात एका देवळाच्या पायरीवर बळीच्या रक्ताचा ओघळ आला होता आणि एक लहान मुलगी कळवळून बापाला विचारीत होती की हे एवढे रक्त कशाला. बाप उत्तर टाळण्यासाठी तिला गप्प करू पाहत होता. या स्वप्नातून त्रिपुराच्या गोविंदमाणिक्य राजाची ‘राजर्षी’ ही कादंबरी ‘बालक’मधून आली आणि तिच्यातून 1890 मध्ये ‘विसर्जन’ हे नाटक उभे राहिले. त्यात रघुपती हा कर्मठ पुरोहित स्वतः रवींद्रनाथांनी केला. गंमत अशी की तेहतीस वर्षांनी, 1923 मध्ये, त्याच नाटकातल्या कोवळ्या जयसिंहाची भूमिका त्यांनी वयाच्या बासष्टाव्या वर्षी केली. मोठ्यांच्या धर्माला एका मुलीने विचारलेला प्रश्न हेच त्या नाटकाचे मूळ आहे.

22 डिसेंबर 1901 रोजी शांतिनिकेतनात ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. विद्यार्थी पाच, त्यांपैकी एक त्यांचाच मुलगा रथींद्रनाथ. शाळेला पैसा नव्हता. पत्नी मृणालिनी देवींनी अंगावरचे दागिने दिले, मुलांचे खाणेपिणे सांभाळले आणि वर्षभरात, 23 नोव्हेंबर 1902 रोजी, त्या गेल्या. त्यानंतरची वर्षे वाचताना मन घट्ट करावे लागते. 1903 मध्ये दुसरी मुलगी रेणुका क्षयाने गेली. हवापालटासाठी बाप तिला अल्मोड्यापर्यंत घेऊन गेला होता. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मुलांच्या मुक्ततेचा हा कैवारी आपल्या मुलींच्या बाबतीत जुन्या चालीतून सुटला नव्हता. रेणुकेचे लग्न 1901 मध्ये, ती अवघी दहा-अकरा वर्षांची असताना, त्यांनी लावून दिले होते. चरित्रकार ही बाब सहसा चटकन ओलांडून जातात. मला वाटते, त्यांच्या नाटकांतले प्रेमळ पालक इतके खरे का वाटतात याचे एक कारण इथे असावे. प्रेमापोटी मुलाचे आयुष्य आपल्या हाताने आखून टाकणारा माणूस त्यांना बाहेर शोधावा लागला नाही.

सर्वांत धाकटा शमींद्रनाथ. आश्रमात वाढलेला, वडिलांची गाणी म्हणत हिंडणारा, चेहऱ्यानेही वडिलांवर गेलेला. 1907 च्या आरंभी वसंतपंचमीला त्याने सवंगड्यांना जमवून ऋतूचा उत्सव केला. शांतिनिकेतनात पुढे जे ऋतूत्सव रूढ झाले त्यांचा आरंभ या दहा वर्षांच्या मुलापाशी नेतात. त्याच वर्षी सुटीत मित्राच्या घरी मुंगेरला गेला असताना त्याला पटकी झाली. वडील पोहोचले, पण 23 नोव्हेंबरला तो गेला. आईच्या मृत्यूला त्याच तारखेला पाच वर्षे झाली होती. परतीच्या गाडीतून त्यांनी बाहेर पाहिले तेव्हा सगळीकडे चांदणे पसरले होते आणि त्यात कुठेही काही उणे झाल्याचे चिन्ह नव्हते, असे त्यांनी बऱ्याच वर्षांनी आपल्या मुलीला एका पत्रात कळवले. ते दिलासा म्हणून वाचायचे की भयंकर म्हणून, हे ज्याचे त्याने ठरवावे.

शमीच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, 1908 मध्ये, त्यांनी आश्रमातल्या मुलांसाठी ‘शारदोत्सव’ लिहिले. शोकाचा मागमूस त्यात वरवर पाहता सापडत नाही. पाऊस सरला आहे, शाळेला शरदाची सुटी लागली आहे आणि मुले एका ठाकुरदांना म्हणजे आजोबांना घेऊन रानात निघाली आहेत. एक मुलगा मात्र खेळायला येत नाही. उपनंद त्याचे नाव. ज्यांनी त्याला सांभाळले ते त्याचे गुरू कर्ज ठेवून वारले आहेत आणि ते कर्ज फेडण्यासाठी हा पोथ्यांच्या नकला करीत बसला आहे. सावकार लक्षेश्वर एक कवडी सोडायला तयार नाही. तेव्हा संन्याशाच्या वेशात फिरणारा राजा विजयादित्य त्या मुलाशेजारी येऊन बसतो आणि मग सुटीवर निघालेली मुलेही पोथी उतरवायला हातभार लावतात. ऋण फेडण्याचे कष्ट हाही उत्सवच, हे नाटकात कोणी व्याख्यान देऊन पटवीत नाही. मुले हसतखेळत ते करतात. एका मुलाने सुरू केलेल्या ऋतूत्सवाचे ऋण बापाने त्या नाटकाने फेडले की काय, असे माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही.

या नाटकांची बांधणी आश्रमाच्या गरजेतून झाली होती. तेव्हा तिथे मुलगेच मोठ्या संख्येने असत, म्हणून ‘शारदोत्सव’ आणि त्याच वर्षी ‘बालक’मधल्या जुन्या कथेवरून केलेले ‘मुकुट’ यांत स्त्रीपात्रे नाहीत. मोठ्या भूमिका थोड्या आणि मुलांचे घोळके पुष्कळ, म्हणजे कोणालाही घरी बसवायला नको. गाणी भरपूर. दिनेंद्रनाथ हे त्यांचे नात्याने नातू आणि आश्रमाचे गानगुरू. एकदा ऐकलेली चाल ते विसरत नसत आणि सगळ्या मुलांकडून ती घोटवून घेत. नवे नाटक झाले की रवींद्रनाथ आधी ते सगळ्यांना वाचून दाखवीत. शिक्षकांनाही वेश चढवावा लागे आणि आजोबा किंवा संन्यासी स्वतः लेखक होत असे.

नेपथ्याबद्दल त्यांची मते ठाम होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘रंगमंच’ नावाच्या निबंधात त्यांनी रंगवलेले पडदे आणि हुबेहूब देखावे यांची गरजच नाकारली. बंगालच्या जात्रेत नट आणि प्रेक्षक एकाच जमिनीवर असतात, झाड दाखवायला झाड आणावे लागत नाही, हे त्यांना अधिक मोलाचे वाटे. हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याने देवळाच्या प्रांगणात दशावतार पाहिला आहे, एकाच बाकड्याचे राजाचे सिंहासनही होते आणि ऋषीचा आश्रमही, हे लहानपणी मांडी घालून पाहिले आहे, किंवा काल्यात गवळ्यांची पोरे झालेली गावातली पोरे पाहिली आहेत, त्याला हा निबंध न वाचताच पटलेला असतो. आश्चर्य याचे वाटते की आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत मात्र भाड्याचे पडदे आणि ध्वनिमुद्रित संवाद यांच्याशिवाय आपले चालत नाही.

1911 हे वर्ष या नाटककाराच्या दृष्टीने सर्वांत मोठे. त्या वर्षी ‘अचलायतन’ झाले. उंच तटांची एक विद्यापीठवजा संस्था, तिथे मंत्र आणि प्रायश्चित्ते यांखेरीज काही नाही. सुभद्र नावाचा एक छोटा मुलगा तिथली उत्तरेकडची, शेकडो वर्षे बंद असलेली खिडकी कुतूहलाने उघडतो. एवढ्याशा कृत्याने साऱ्या आयतनाचा थरकाप होतो आणि मुलासाठी प्रायश्चित्त शोधण्याची धांदल उडते. सर्वांत करुण हे की सुभद्रालाही आपण पापी आहोत असे वाटून तो स्वतःच शिक्षा मागू लागतो. शेवटी ज्याची वाट पाहिली जात होती तो गुरू येतो तो तट पाडूनच. सनातन्यांना ते झोंबले आणि वृत्तपत्रांतून टीका झाली. ती स्वाभाविक होती, कारण घाव वर्मी लागला होता.

त्याच वर्षीच्या शरदात, थोड्या दिवसांत, ‘डाकघर’ लिहून झाले. पन्नाशीचे रवींद्रनाथ तेव्हा विलक्षण अस्वस्थ होते. कुठेतरी दूर निघून जावे, बोलावणे आले आहे, असे त्यांना सारखे वाटे आणि ते बोलावणे मृत्यूचे की प्रवासाचे हे त्यांनाही कळत नव्हते. नाटकात फारसे काही घडत नाही. माधव दत्त या संसारी माणसाने अमल नावाचा नात्यातला पोरका मुलगा दत्तक घेतला आहे. मुलगा आजारी आहे. कविराजांनी ग्रंथांतले श्लोक काढून निदान केले आहे की शरदाचे ऊन आणि वारा त्याला बाधेल, म्हणून दारे बंद. अमल खिडकीपाशी बसतो. रस्त्याने दहीवाला जातो. अमलला त्याच्याकडून दही नको, दही विकण्याची आरोळी शिकायची आहे आणि पाचमुडा डोंगराच्या पायथ्याचे, शामली नदीकाठचे त्याचे गाव मनाने पाहायचे आहे. पहारेकरी येतो, तास देणाऱ्या घंटेविषयी बोलतो आणि समोर उघडलेले राजाचे नवे डाकघर दाखवतो. फुले वेचायला निघालेली सुधा थांबते आणि परतताना फूल आणून देईन असे सांगून जाते. आपणही राजाचा डाकहरकारा व्हावे, दारोदार पत्रे पोहोचवावीत आणि राजाने आपल्यालाही एक पत्र पाठवावे, असे अमलला वाटू लागते.

गावचा मुखिया या भाबडेपणाची थट्टा करतो. कोरा कागद दाखवून, हे बघ आले राजाचे पत्र, म्हणून हसतो. तिथे बसलेले ठाकुरदा तो कोरा कागद गंभीरपणे हाती घेतात आणि राजा खरोखर येणार असल्याचे त्यावर लिहिले आहे असे सांगतात. रात्री राजवैद्य येतात आणि आल्याबरोबर सगळी दारे-खिडक्या उघडायला लावतात. दिवा मालवला जातो, चांदण्या आत येतात, अमलला झोप लागते. शेवटी सुधा फुले घेऊन येते आणि आपण विसरलो नाही एवढे त्याला जागेपणी कळवा, असे सांगून ठेवते. ती झोप कसली, हे नाटक बोलून दाखवीत नाही. मुले ते आपापल्या वयाप्रमाणे समजतात. मोठ्यांच्या घशाशी मात्र आवंढा येतो.

या नाटकात दुष्ट कोणी नाही, मुखियादेखील नुसता पोकळ आहे. अमलला कोंडणारा माधव दत्त त्याच्यावर जीव टाकणारा आहे. आता कुठे मिळवलेल्या पैशाला अर्थ आला, असे त्याला या मुलामुळे वाटते. श्यामने काढलेले खडूचे वर्तुळ इथे पुन्हा आले आहे, फरक इतकाच की या वेळी ते मायेने काढलेले आहे. मुलाला वाचवण्यासाठी त्याचे जगणेच थांबवणारी ती माया आहे. बालनाट्यात मृत्यू आणू नये, मुलांना भीती वाटते, असे म्हणणारे जाणकार आपल्याकडेही आहेत. मुलांना मृत्यूची ओळख करून देण्याचा अधिकार रवींद्रनाथांनी फार महागात मिळवला होता. त्यांनी तो वापरला तो मुलांना घाबरवण्यासाठी नव्हे, आणि खोटे सांगून रमवण्यासाठी तर नव्हेच.

नाटक लवकरच समुद्रापार गेले. 17 मे 1913 रोजी, म्हणजे नोबेल पारितोषिक जाहीर होण्याच्या सहा महिने आधी, डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये कवी येट्स यांच्या पुढाकाराने त्याचा इंग्रजी प्रयोग झाला. तो पॅट्रिक पिअर्स यांच्या सेंट एंडाज या शाळेच्या मदतीसाठी होता आणि त्याच संध्याकाळी पिअर्सचे एक छोटे नाटक त्या शाळेच्या मुलांनी केले. एका परतंत्र देशातल्या धडपड्या शाळेला दुसऱ्या परतंत्र देशातल्या तशाच शाळेचे नाटक उपयोगी पडले. पिअर्सना तीन वर्षांनी, 1916 च्या उठावानंतर, इंग्रजांनी गोळ्या घातल्या.

मराठी माणसाला अधिक जवळचा वाटेल तो कलकत्त्याचा प्रयोग. 1917 मध्ये जोडासांकोच्या ‘विचित्रा’ दालनात ‘डाकघर’ झाले. अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ ही घरातली चित्रकार मंडळी नटही होती आणि रंगमंचाचे रूपही त्यांनीच ठरवले. पडद्यावर झोपडी रंगवण्याऐवजी गवताने शाकारलेली झोपडीच उभी केली होती. शांतिनिकेतनातला एक मुलगा अमल झाला, ठाकुरदा अर्थातच रवींद्रनाथ. वर्षअखेरीस ॲनी बेझंट यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन कलकत्त्यात भरले, तेव्हा आलेल्या पुढाऱ्यांसाठीही प्रयोग झाला. प्रेक्षकांत बेझंटबाई, मदनमोहन मालवीय, गांधीजी आणि लोकमान्य टिळक होते. मंडालेची सहा वर्षे भोगून आलेला, साठी ओलांडलेला तो पुरुष, राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या, खोलीत कोंडलेल्या मुलाचे नाटक पाहत बसला आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणण्याजोगे आहे.

आश्रमात मुलींची संख्या वाढली तशी मुलींसाठी नाटके हवीत हा प्रश्न आला. ‘लक्ष्मीची परीक्षा’ हे केवळ स्त्रीपात्रांचे पद्यनाट्य त्यांनी पूर्वीच लिहिले होते. 1926 मध्ये त्यांच्या वाढदिवसासाठी ‘नटीर पूजा’ झाले. राजाने बुद्धाची पूजा बंद केली असताना श्रीमती ही दरबारातली नर्तकी स्तूपापुढे नाचण्याची आज्ञा पाळते, पण नाचता नाचता एकेक अलंकार उतरवीत भिक्षुणीच्या वस्त्रात उभी राहते आणि मारली जाते. श्रीमती केली नंदलाल बसूंची कन्या गौरी हिने. शांतिनिकेतनात कौतुक झाले, पण कलकत्त्याला तिकीट लावून प्रतिष्ठित घरच्या मुलीने नाचायचे म्हणजे केवढा गहजब! तेव्हा रवींद्रनाथांनी नाटकात उपाली या भिक्षूची एक भूमिका नव्याने घातली आणि पासष्ट उलटल्यावर स्वतः मुलींबरोबर रंगमंचावर बसले. टीकेचा दगड आलाच तर आधी आपल्याला लागावा, हा हेतू. महाराष्ट्रात ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकातून आपल्या बांदिवड्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे रंगभूमीवर आल्या त्या 1933 मध्ये, हे लक्षात घेतले म्हणजे 1926-27 मधल्या त्या धाडसाचे वजन कळते. 1933 मध्येच आलेले ‘ताशेर देश’ हे पत्त्यांच्या राज्याचे नाटक, नियमांनी ताठरलेल्या पानांना हालचाल शिकवणारे, आजही बंगालमधल्या शाळांतून आनंदाने होते. त्याची दुसरी आवृत्ती त्यांनी सुभाषचंद्र बोसांना अर्पण केली.

7 ऑगस्ट 1941 रोजी रवींद्रनाथ गेले, ज्या वाड्यात जन्मले त्याच जोडासांकोच्या वाड्यात.

पुढच्या वर्षीची गोष्ट. वॉर्सा शहरातल्या ज्यूंना जर्मनांनी भिंतींआड कोंडले होते. त्या कोंडवाड्यात यानुश कोर्चाक या डॉक्टरांचे अनाथालय होते. मुले सुमारे दोनशे. कोर्चाक स्वतः मुलांसाठी लिहिणारे, मुलांच्या हक्कांसाठी झटणारे. उपासमार आणि तापाची साथ चालू असताना त्यांनी अनाथालयात ‘डाकघर’ बसवायला घेतले. 18 जुलै 1942 रोजी प्रयोग झाला. मुलांनीच भूमिका केल्या, थोडे निमंत्रित प्रेक्षक होते. हेच नाटक का, असे विचारणाऱ्यांना त्यांनी सांगितले की मुलांनी मृत्यूला शांतपणे सामोरे जायला शिकावे म्हणून. चार दिवसांनी कोंडवाड्यातून माणसे हलवण्याचे काम सुरू झाले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात या मुलांची पाळी आली. कोर्चाकना सुटण्याची वाट देऊ करण्यात आली होती, ती त्यांनी नाकारली आणि मुलांच्या रांगेबरोबर ते ट्रेब्लिंकाच्या गाडीत चढले.